वय वर्षे चार ते सहा

पुण्याहून आलेल्या कागदावर एक चौकोन आहे,
माझ्या अंगठ्याएवढा :
या खेळण्यातून मूल काय शिकेल?
एका वाक्यात लिहा.

मामंजी फळं करायचे.
लाखेची वांगी, आंबे, अर्धं सोललेलं केळं,
फणस तर असा की माशी येऊन बसावी.
त्यांना कुणी विचारलं नाही
वांग्यातून काय शिकायचं.
मूल ते चोखायचं, आपटायचं, पलंगाखाली हरवायचं,
आणि वांगं वांगंच राहायचं.

मी रापण केली.
पांगाऱ्याच्या बारा बाहुल्या, कमरेत वाकलेल्या,
सहा या दोरावर, सहा त्या दोरावर,
मध्ये सुती जाळं, जाळ्यात चोवीस बांगडे,
केवड्याच्या पानाने घासून चकचकीत केलेले.
एकाच बाजूने जोर केला तर जाळं तिरकं होतं,
मासे मागच्या मागे निसटतात.
मग वाटे. दर माणशी दोन. उरत काही नाही.
तीन रात्री गेल्या त्या हिशेबात.
बारांतल्या सहा बायका केल्या, मुद्दाम,
पुण्याच्या ताईंना बरं वाटेल म्हणून,
आणि थोडं मलाही.

सावंतवाडीहून एसटीने शिरोडं, पिशवी मांडीवर.
वेळागराकडची अंगणवाडी, खिडकीत सुरूची झाडं.
विजेताबाईंनी चटई झटकली,
वाळू उरली ती उरलीच.

पोरांनी आधी बांगडे हुंगले.
एकाने एक चावून पाहिला.
बायांच्या हातात दोर बघून कुणी काही बोललं नाही,
त्यांच्या टोपल्या कुठे ठेवल्या, एवढंच विचारलं.
टोपल्या मी केल्याच नव्हत्या.
सातव्या की आठव्या झटक्याला
जाळं सरळ आलं,
आणि जो ओरडा झाला
तो कुठल्याच चौकोनात बसायचा नाही.

वाटे पडत होते. दोन, दोन, दोन.
मनमाया बाहुल्या उलटून पालटून बघत होती.
"माजो बापूस खंय आसा हेच्यात?"

"तुज्या बापाशीक वाटो नाय," दिगंबर म्हणाला,
सहज, आज खिचडी आहे म्हणावं तसा.
"तो नेपाळी. तेका पगार."

पाच वर्षांचा मुलगा.
हे त्याला कुठल्या खेळण्याने शिकवलं?
मी तोंड उघडलं.
विजेताबाईंनी नुसत्या डोळ्यांनी ते मिटवलं.

मनमायाने फ्रॉकच्या खिशातून
बाटलीचं निळं झाकण काढलं,
किनाऱ्यावर सापडतं तसलं,
आणि दोरापाशी ठेवलं.
तेरावं.

चोवीस मासे, तेरा जणं.
दिगंबरने बोटं मोजली, पुन्हा मोजली,
बोटं संपली.
बराच वेळ नुसता समुद्र ऐकू येत होता.
मग मागून कुणीतरी, नाकात बोट घालून :
"एकेक घेऊया. उरलेले सुकत घालूया."

खिडकीत ऊन होतं, तिथे ओळीने मांडले.
मी निघताना मोजले, सवय.
अकरा हवे होते, दहा भरले.
दिगंबरची उजवी मूठ
आईने बखोट धरून नेलं तरी उघडली नाही.

परतीच्या गाडीत मळेवाडपर्यंत
माझं डोकं नुसतं लेथसारखं फिरत होतं.
एक बाहुली वाढवायची, दोन बांगडे.
तेरा दुणे सव्वीस. तासाभराचं काम.
पुन्हा उरलं काही नसतं.

नाही केलं.
टोपल्या तेवढ्या केल्या.

आज खोका बांधला.
चौकोनात आधी लिहिलं होतं
"सारे मिळून ओढल्याशिवाय जाळं येत नाही",
ते खोडलं.
खोडल्यावर जागा फारशी राहिली नाही.
कडेने बारीक अक्षरात लिहिलं :
सोबत बाटलीचं एक झाकण द्यावं.
रंग कुठलाही चालेल.